राडारोडा आणि भाड्याचे कंटेनर

राडारोडा म्हणजे काय

घर पाडताना, त्याची दुरुस्ती करताना किंवा आतील रचना बदलताना जे बांधकाम साहित्य निकामी होऊन बाहेर पडते, त्याला पुण्याकडे राडारोडा आणि मुंबईत डेब्रिज म्हणतात. विटा, गिलावा, काँक्रीटचे तुकडे, फरशा, माती, मोडक्या चौकटी, जुने नळ, वायरी, छताचे पीओपी असे सगळे त्यात येते. घरगुती कचऱ्याशी त्याची तुलना होत नाही. तो जड असतो, त्याचा मोठा भाग कुजत नाही आणि तो एकाच वेळी निघतो. स्वयंपाकघरातला कचरा रोज थोडा थोडा साठतो, भिंत मात्र एका दुपारी खाली येते. रोजच्या घंटागाडीची व्यवस्था म्हणूनच येथे निरुपयोगी ठरते.

एका भिंतीचा हिशेब

दहा फूट लांब आणि दहा फूट उंच अशी अर्ध्या विटेची, दोन्ही बाजूंनी गिलावा केलेली पडदी घेतली, तर तिचे घनफळ सुमारे ४६ घनफूट, म्हणजे १.३ घनमीटर भरते. वीटकामाची घनता घनमीटरला १.९ टनांच्या आसपास धरल्यास ही साधी पडदी सुमारे अडीच टनांची होते. पाडल्यावर तुकड्यांमध्ये पोकळ्या राहतात, त्यामुळे तिचा ढीग मूळ घनफळाच्या साधारण दीडपट होतो. वजन तेवढेच राहते, जागा मात्र ७० घनफुटांच्या घरात लागते. वाळू-खडीच्या व्यवहारातील ब्रास, म्हणजे १०० घनफूट, हे माप लावले तर हा ढीग पाऊण ब्रासपेक्षा थोडा कमी भरतो. अशा सुट्या राडारोड्याचा पूर्ण ब्रास साडेतीन ते पावणेचार टनांचा असतो. पाऊण टन वाहणाऱ्या ‘छोटा हत्ती’ टेम्पोला एका पडदीसाठी चार खेपा कराव्या लागतात.

हा ढीग घरातच ठेवावा, सवडीने न्यावा, असा विचार अनेकदा होतो. तो धोक्याचा आहे. राहत्या घराचा स्लॅब भारतीय मानकांनुसार दर चौरस मीटरला सुमारे २०० किलो वापरभार गृहीत धरून आखला जातो. सुट्या राडारोड्याचा फक्त अर्धा फूट जाडीचा थर तेवढा भार टाकतो. भिंतीजवळ कमरेइतका रचलेला ढीग त्या मर्यादेच्या कितीतरी पुढे गेलेला असतो. राडारोडा लगेच खाली उतरवणे हा म्हणून केवळ स्वच्छतेचा प्रश्न राहत नाही.

कंटेनरची कल्पना

ट्रक उभा करून तो भरत बसणे महाग पडते, कारण भरणाऱ्या मजुरांच्या वेगाने वाहन आणि चालक दोघेही अडकून राहतात. रिकामी पोलादी पेटी कामाच्या जागी ठेवायची, ट्रक दुसऱ्या कामाला पाठवायचा आणि पेटी भरल्यावर तो परत बोलवायचा, ही त्यावरची तोड. अमेरिकेत टेनेसी राज्यातील नॉक्सव्हिल येथील जॉर्ज डेम्पस्टर आणि त्याच्या भावांच्या कंपनीने ट्रकवर यंत्राने चढवता-उतरवता येणाऱ्या अशा पेटीची पद्धत १९३५ मध्ये पेटंट केली. हाच डेम्पस्टर पुढे त्या शहराचा महापौर झाला. अमेरिकेत ‘डंपस्टर’ आणि ब्रिटनमध्ये ‘स्किप’ या नावांनी ही भाड्याची पेटी घरदुरुस्तीचा नेहमीचा भाग झाली आहे. घरासमोर स्किप आला की आत काम निघाले आहे, हे शेजाऱ्यांना न सांगता कळते.

उचलण्याच्या दोन पद्धती

ब्रिटिश स्किप तुलनेने लहान असतो आणि त्याच्या दोन बाजू बाहेर कललेल्या असतात. ट्रकच्या मागील दोन यांत्रिक हातांना साखळ्या असतात. त्या पेटीच्या खुंट्यांना अडकवून पेटी झोक्यासारखी उचलून ट्रकवर ठेवली जाते. दुसऱ्या पद्धतीत लांबट आयताकृती कंटेनर जमिनीवर असतो, त्याच्या तळाला रूळ किंवा चाके असतात. ट्रक आपली चौकट मागे कलवतो आणि आकड्याने किंवा पोलादी दोराने कंटेनर वर ओढून घेतो. याला मागे पूर्ण उंचीचा दरवाजा असतो, त्यामुळे हातगाडी थेट आत नेता येते. जड वस्तू कठड्यावरून फेकावी लागत नाही, ही त्याची मोठी सोय.

दोन्ही यंत्रे महाराष्ट्राला परकी नाहीत. पहिल्याला पालिकांच्या भाषेत डंपर प्लेसर आणि दुसऱ्याला हुक लोडर म्हणतात. फरक इतकाच, की येथे ती पालिकेच्या कचरा वाहतुकीत राबतात. घरमालकाने आठवड्यासाठी कंटेनर भाड्याने घेण्याची प्रथा मात्र येथे रुळलेली नाही.

आकार वाढतो, वजन वाढत नाही

कंटेनर घनयार्डात मोजले जातात. एक घनयार्ड म्हणजे २७ घनफूट. ब्रिटनमध्ये दोन घनयार्डांच्या छोट्या पेटीपासून १६ घनयार्डांपर्यंतचे स्किप मिळतात आणि बांधकामासाठी सहा ते आठ घनयार्डांचे, म्हणजे सुमारे दीड ते सव्वादोन ब्रासचे, सर्वाधिक वापरले जातात. अमेरिकेतील मोठे कंटेनर १०, २०, ३० आणि ४० घनयार्डांचे असतात.

काम मोठे तर कंटेनर मोठा, हा पहिला तर्क येथे फसतो. चाळीस घनयार्डांच्या, म्हणजे जवळपास ११ ब्रासच्या, कंटेनरमध्ये केवळ विटा-काँक्रीट काठोकाठ भरले तर माल ४० टनांच्या आसपास जाईल. अमेरिकेच्या आंतरराज्य महामार्गांवर मालासकट संपूर्ण वाहनाची सर्वसाधारण वजनमर्यादा ८०,००० पौंड, म्हणजे सुमारे ३६ टन आहे. म्हणजे रिकामा ट्रक आणि रिकामी पेटी हिशेबात न घेताही मर्यादा ओलांडली जाते. शिवाय ओढून घेण्याच्या यंत्रणेची स्वतःची ताकद त्याहून कमी असते. म्हणून काँक्रीट, वीट आणि मातीसाठी अमेरिकेत सहसा १० घनयार्डांचा बुटका कंटेनर देतात. ब्रिटनमध्येही जड मालासाठी आठ घनयार्ड ही बहुतेक ठिकाणी वरची मर्यादा असते. मोठे कंटेनर लाकूड, जुने फर्निचर, गालिचे, छताचे हलके तक्ते अशा फुगीर पण हलक्या मालासाठी असतात. अमेरिकेतील बरीच घरे लाकडी सांगाड्याची असतात. तेथे ३० घनयार्डांचा कंटेनर सार्थ ठरतो तो या कारणाने. वीट-काँक्रीटच्या घराला तोच आकडा जसाच्या तसा लावणे चूक ठरेल.

भाडे कशाचे

भाडे पेटीचे दिसत असले तरी तो आकडा बनतो चार गोष्टींनी: पेटी आणून ठेवणे व नेणे, ती ठराविक दिवस जागेवर राहू देणे, माल विल्हेवाटीच्या केंद्रावर उतरवण्याचे शुल्क आणि रस्त्यावर ठेवायची असल्यास परवाना. मुदत साधारण एक ते दोन आठवड्यांची असते. अमेरिकेत बहुधा ठरावीक टनांपर्यंतचे शुल्क भाड्यातच धरलेले असते. पुढच्या प्रत्येक टनाला वेगळे पैसे पडतात आणि तो आकडा घरी नव्हे, केंद्राच्या वजनकाट्यावर ठरतो. पावसात उघडी राहिलेली पेटी येथे त्रास देते. माती, प्लास्टरचे तक्ते आणि गालिचे पाणी शोषतात आणि त्या पाण्याचेही वजन मोजले जाते. ताडपत्री घालण्याचा खर्च त्यापुढे किरकोळ.

कंटेनर कुठे ठेवता येतो

स्वतःच्या अंगणात ठेवायला सहसा वेगळा परवाना लागत नाही, पण जमीन भार सोसणारी हवी. फरसबंदी फुटू नये म्हणून खाली लाकडी फळ्या टाकतात. ट्रकची चौकट किंवा यांत्रिक हात वर उचलले जातात, त्यामुळे झाडाच्या फांद्या आणि विजेच्या तारा डोक्यावर नसाव्यात.

सार्वजनिक रस्त्यावर मात्र कायदा सुरू होतो. ब्रिटनमध्ये १९८० च्या महामार्ग कायद्याचे १३९ वे कलम केवळ स्किपसंबंधी आहे. रस्त्याच्या प्राधिकरणाची परवानगी, अंधारात दिवे, पेटीवर मालकाचे नाव आणि दूरध्वनी क्रमांक किंवा पत्ता, आणि भरल्यावर ती लवकर हलवणे, या त्यातील मुख्य अटी. दोन्ही टोकांना लाल-पिवळे चमकणारे पट्टे हवेत, हा नियम १९८४ मध्ये आला. एका पोलादी पेटीसाठी एवढा बारकावा अतिरेकी वाटू शकतो. पण रात्रीच्या रस्त्यावर ती न हलणारी, बिनदिव्याची आणि टणक कडांची वस्तू असते, हे ध्यानात घेतले की प्रत्येक अटीचे कारण उलगडते.

भरण्याची रीत

सपाट तक्ते तळाशी, जड माल त्यावर समान पसरून, पोकळ वस्तू मोडून, असा क्रम असतो. माल कडेच्या वर जाऊ द्यायचा नसतो. शिगोशिग भरलेली पेटी रस्त्यावर धोंडे सांडते म्हणून चालक ती नाकारू शकतो. एकाच टोकाला काँक्रीट रचले तर उचलताना पेटी कलते. रस्त्यावरच्या उघड्या स्किपमध्ये रातोरात शेजारपाजारच्या गाद्या आणि रंगाचे डबे येऊन पडतात, हा ब्रिटनमधला जुना अनुभव आहे. झाकण आणि कुलूप असलेले स्किप मिळतात, त्यामागे हेही एक कारण आहे.

वर्ज्य वस्तू

बॅटऱ्या, टायर, गॅस सिलिंडर, फ्रीज, ट्यूबलाइट, द्रव रंग आणि रसायने सर्वसाधारणपणे घेतली जात नाहीत. ॲस्बेस्टॉसचे पत्रे आणि नळ हा सर्वांत गंभीर प्रकार. ते फोडल्यावर सुटणारे सूक्ष्म तंतू फुप्फुसात जाऊन दीर्घकाळाने कर्करोग घडवू शकतात. ब्रिटनने ॲस्बेस्टॉसच्या वापरावर १९९९ मध्ये पूर्ण बंदी घातली, पण त्याआधीच्या घरांत ते आहेच, म्हणून त्याची वेगळी बंद वाहतूक करावी लागते. भारतात ॲस्बेस्टॉस-सिमेंटचे पत्रे आजही वापरात आहेत. जुन्या शेडवरचे पत्रे घणाने फोडून गोणीत भरणे म्हणूनच टाळण्याजोगे. ते ओले करून, अखंड उतरवावे लागतात.

जिप्समची गोष्ट वेगळी आहे. प्लास्टरचे तक्ते आणि मुंबई-पुण्याच्या घरांतले पीओपीचे छत मुळात एकाच खनिजाचे, कॅल्शियम सल्फेटचे. स्वतंत्र असताना ते निरुपद्रवी असते. कचराभूमीत कुजणाऱ्या पदार्थांबरोबर पुरले गेले की प्राणवायूविना जगणारे जिवाणू त्यातील सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड हा दुर्गंधीयुक्त विषारी वायू तयार करतात. ब्रिटनमध्ये प्लास्टरचे तक्ते वेगळे काढण्याची अट त्यातून आली. हेच जिप्सम विटा-काँक्रीटच्या चुऱ्यात राहिले तर त्या चुऱ्यापासून केलेले नवे काँक्रीट सल्फेटच्या अभिक्रियेने फुगून तडकू शकते. छत उतरवताना ते वेगळ्या ढिगात ठेवण्याला दहा मिनिटे जास्त लागतात. मिसळल्यावर ते वेगळे करणे जवळजवळ अशक्य होते.

पेटी पुढे कोठे जाते

भरलेला स्किप थेट कचराभूमीवर जात नाही. तो वर्गीकरण केंद्रावर ओतला जातो. तेथे मोठे तुकडे यंत्राने बाजूला होतात, फिरत्या दंडगोल चाळणीतून बारीक माल गळतो, चुंबक लोखंड ओढून घेतो आणि पट्ट्यावरून सरकणारे लाकूड, प्लास्टिक माणसे वेचतात. विटा-काँक्रीट भरडून रस्त्याच्या पायाभरणीसाठी खडी होते.

या खटाटोपामागे करांचा मोठा रेटा आहे. ब्रिटनने १ ऑक्टोबर १९९६ पासून कचराभूमीवर टनामागे कर लावला. सुरुवातीला सर्वसाधारण दर सात पौंड आणि विटा-मातीसारख्या निष्क्रिय मालासाठी दोन पौंड होता. एप्रिल २०२५ पासूनच्या वर्षासाठी हेच दर इंग्लंडमध्ये १२६.१५ आणि ४.०५ पौंड झाले, म्हणजे तिसाहून अधिक पट अंतर पडले. चाळणीतून गळालेल्या बारीक मालात लाकूड-कागदाचे कण किती, हे तापवून तपासतात. जळून वजन दहा टक्क्यांहून अधिक घटले तर कमी दर मिळत नाही. शुद्ध विटांच्या स्किपमध्ये टाकलेल्या जुन्या गालिच्याची किंमत अशी टनांच्या हिशेबाने मोजावी लागते. कंटेनर देणारा फोनवर आधी ‘आत काय टाकणार’ असे विचारतो ते या गणितामुळे.

कर वाढला की तो चुकवण्याचा मोहही वाढतो. कमी पैशांत माल नेणारे आणि तो एखाद्या शेताच्या बांधावर ओतून पसार होणारे वाहतूकदार ही ब्रिटनमधली मोठी डोकेदुखी आहे. वाहतूकदाराकडे नोंदणी आहे की नाही, हे पाहण्याची जबाबदारी तेथील कायद्याने घरमालकावरही टाकली आहे.

मुंबई-पुण्यात कंटेनर का दिसत नाही

पहिले कारण जागेचे. गल्लीत दोन्ही बाजूंना वाहने, सोसायटीच्या फाटकातून जेमतेम मोटार वळते, आणि कंटेनर उचलायला ट्रकला मागे-पुढे मोकळी जागा हवी. दुसरे कारण मजल्यांचे. सहाव्या मजल्यावरचे न्हाणीघर फोडले तर माल गोण्यांतूनच उतरतो. वर हिशेब केलेल्या एका पडदीसाठी तीस-पस्तीस किलोच्या सत्तर-ऐंशी गोण्या लागतात आणि लिफ्ट मिळाली नाही तर बिगारी त्या पाठीवरून जिना उतरवतात. मजुरी स्वस्त असल्याने ही पद्धत टिकून आहे. गोणी उतरते तशी टेम्पोत चढते, मग पेटीची गरज कोणाला भासत नाही.

तिसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. येथे वर्गीकरण केंद्रावर नव्हे, घर पाडतानाच होते. जुना वाडा उतरवताना सागवानी खांब, तुळया, चौकटी, कौले, लोखंडी गज, तांब्या-पितळेच्या वस्तू वेगवेगळ्या काढल्या जातात, कारण प्रत्येकाला बाजारात भाव आहे. पाडकामाचा ठेकेदार अनेकदा मालकाकडून पैसे घेत नाही, उलट या मालाच्या बदल्यात मालकालाच रक्कम देतो. काँक्रीटची इमारत असेल तर सळया बाहेर काढण्यासाठी स्लॅब घणाने फोडला जातो. शेवटी उरतो तो भाव नसलेला भाग: विटांचे तुकडे, गिलावा, माती, फरशा, पीओपी. पाश्चात्त्य यंत्रसामग्री जे वेगळे करण्यासाठी झगडते त्यातील बरेचसे काम भंगाराच्या बाजाराने आधीच उरकलेले असते. या पद्धतीची उपेक्षा करून तिच्या जागी एकच मोठी पेटी आणणे हा मागे जाण्याचा प्रकार ठरेल. उणीव आहे ती शेवटच्या ढिगाच्या बाबतीत. त्याचा भाव शून्याखाली असतो, म्हणजे तो नेण्यासाठी पैसे मोजावे लागतात, आणि म्हणून तो रात्री नदीकाठी, खाडीत, खारफुटीत किंवा टेकडीच्या उतारावर जाऊन पडतो. नदीपात्रात पडलेला राडारोडा पुराच्या पाण्याची वाट अरुंद करतो.

नियम आणि पालिकांची सोय

केंद्र सरकारने २९ मार्च २०१६ रोजी बांधकाम व पाडकाम कचऱ्यासाठी स्वतंत्र नियम काढले. त्यानुसार दिवसाला २० टनांहून किंवा एका प्रकल्पात महिन्याला ३०० टनांहून अधिक राडारोडा काढणाऱ्याने त्याचे काँक्रीट, माती, पोलाद-लाकूड-प्लास्टिक आणि विटा-गिलावा असे चार भाग करायचे होते. त्याहून लहान कामालाही रस्त्यावर किंवा गटारात माल टाकता येत नव्हता आणि तो ठरलेल्या केंद्रावर द्यावा लागे. मुंबईत देवनार आणि मुलुंडच्या कचराभूमींच्या प्रश्नावरून उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये नव्या बांधकामांच्या परवानग्या रोखल्या होत्या. मार्च २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही बंदी सशर्त शिथिल केली, तेव्हा राडारोडा कोठे टाकणार हे दाखवणे ही मुख्य अट होती.

देशातील पहिले प्रक्रिया केंद्र दिल्लीत बुराडी येथे २००९ मध्ये सुरू झाले. पुण्याच्या राडारोड्यासाठी वाघोलीला केंद्र आहे. मुंबई महापालिकेसाठी दहिसर आणि शिळफाटा येथे प्रत्येकी रोज ६०० टन क्षमतेची केंद्रे उभी राहिली असून घरगुती कामाचा माल उचलण्यासाठी ‘डेब्रिज ऑन कॉल’ ही सेवा आहे. नागरिकाने मागणी नोंदवायची, पालिकेच्या यंत्रणेने शुल्क घेऊन माल न्यायचा, असे तिचे स्वरूप. कार्य कंटेनरचेच आहे, फक्त पेटी मागे ठेवली जात नाही. त्यामुळे वाहन येईपर्यंत गोण्या कोठे रचायच्या, हा प्रश्न सोसायटीच्या आवारात उरतोच.

भरडलेल्या मालाचे काय होते

केंद्रावर भरडलेल्या मालापासून पेव्हर ब्लॉक, कडेचे दगड, भरावाची खडी आणि वाळूला पर्याय म्हणून वापरता येणारी बारीक भुकटी तयार होते. काँक्रीटमध्ये किती वापरावा याची मर्यादा भारतीय मानक ३८३ च्या २०१६ च्या आवृत्तीत दिली आहे. निव्वळ काँक्रीट भरडून केलेली खडी साध्या काँक्रीटमध्ये २५ टक्क्यांपर्यंत आणि एम-२५ प्रतीपर्यंतच्या सळईयुक्त काँक्रीटमध्ये २० टक्क्यांपर्यंत चालते. वीट-गिलाव्याचे मिश्रण भरडले असेल तर ते फक्त एम-१५ खालच्या कमी प्रतीच्या काँक्रीटमध्ये वापरता येते. वीट सच्छिद्र असते, पाणी शोषते आणि दाबाला लवकर चिरडते. घराच्या दारात वेगळा ठेवलेला काँक्रीटचा ढीग आणि विटांत मिसळलेला ढीग यांच्या भवितव्यात पडणारा फरक हा असा.

२०१६ च्या नियमांच्या जागी बांधकाम व पाडकाम कचऱ्याचे २०२५ मध्ये काढलेले नवे नियम १ एप्रिल २०२६ पासून लागू झाले. त्यांत २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून अधिक बांधीव क्षेत्राच्या प्रकल्पांवर आपल्या राडारोड्याच्या पुनर्प्रक्रियेची जबाबदारी टाकली आहे. एका सदनिकेतील स्वयंपाकघर फोडून नवे करणारा त्या मापात बसत नाही. त्याच्या चाळीस-पन्नास गोण्यांचा माग ठेवणारा कागद म्हणजे केंद्राच्या वजनकाट्याची पावती. ठेकेदाराची शेवटची रक्कम देण्याआधी ती मागून घेतली, तर टेम्पो खाडीकडे वळण्याची शक्यता बरीच कमी होते.